तेजीचा फुगा आणि बँकेचा दर

१४ फेब्रुवारी १९२९ या दिवशीं न्यूयॉर्क येथील फेडरल रिझर्व्ह बँकेच्या संचालकांनीं एक साधा दिसणारा ठराव केला. बँकेच्या व्याजाचा दर शेंकडा ५ होता, तो ६ करावा, एवढाच तो ठराव. वॉशिंग्टन येथील फेडरल रिझर्व्ह बोर्डानें तो नामंजूर केला. संचालकांनीं तोच ठराव पुन्हां केला. बोर्डानें तो पुन्हां फेटाळला. हा प्रकार त्या वर्षाच्या उन्हाळ्यापर्यंत वारंवार चालला होता. एका टक्क्यासाठीं दोन शहाण्या मंडळांनीं सहा महिने वाद घालावा, ही गोष्ट वरवर पाहतां हास्यास्पद वाटेल. परंतु त्या टक्क्याच्या पोटांत जो प्रश्न होता तो मोठा होता, आणि आज जवळजवळ शंभर वर्षें लोटलीं तरी त्याचें सर्वांना पटेल असें उत्तर मिळालेलें नाहीं. शेअरबाजारांत किंवा जमिनीच्या व्यवहारांत लोकांनीं देहभान विसरून भाव आभाळाला नेऊन भिडवले, तर देशाच्या चलनाची किल्ली जिच्या हातीं आहे त्या मध्यवर्ती बँकेनें काय करावें? फुग्याला स्वतः टांचणी लावावी, कीं तो आपोआप फुटेपर्यंत स्वस्थ राहावें? आणि तो फुटल्यावर तिचें काम संपतें, कीं तेव्हांच सुरू होतें?

फेडरल रिझर्व्ह ही संस्था त्या वेळीं कोंवळ्या वयाची होती. १९०७ सालीं न्यूयॉर्कमध्यें ठेवीदारांची झुंबड उडाली, तेव्हां सरकारपाशीं तिला आवर घालण्याचें पुरेसें साधन नव्हतें. जे. पी. मॉर्गन या वृद्ध धनिकानें इतर सावकारांना एकत्र बसवून पैसा उभा केला, म्हणून संकट टळलें. सबंध देशाची पत एका व्यक्तीच्या मर्जीवर राहूं नये, या विचारानें १९१३ च्या डिसेंबरांत कायदा झाला आणि पुढील वर्षीं देशाच्या निरनिराळ्या भागांत बारा रिझर्व्ह बँका उघडल्या. त्यांच्यावर देखरेख ठेवण्यासाठीं वॉशिंग्टनमध्यें बोर्ड नेमण्यांत आलें. सामान्य बँकेला पैशाची अडचण पडली म्हणजे ती आपल्याजवळील हुंड्या रिझर्व्ह बँकेकडे नेऊन त्यांवर पैसा उचली. त्या पैशावरील व्याज म्हणजेच बँकेचा दर. दर चढला कीं देशांत पैसा महाग होई, उतरला कीं स्वस्त होई. शिवाय रिझर्व्ह बँका सरकारी रोखे विकत घेऊन बाजारांत पैसा सोडीत, अगर रोखे विकून तो काढून घेत. साधनें हीं दोनच. परंतु तीं वापरण्याचा शेवटचा अधिकार न्यूयॉर्कचा कीं वॉशिंग्टनचा, हें कायद्यानें नीट सांगितलें नव्हतें. पुढें या मोघमपणाची किंमत फार जबर पडली.

आरंभीचीं चौदा वर्षें या घराचा खरा कर्ता पुरुष म्हणजे न्यूयॉर्क बँकेचा गव्हर्नर बेंजामिन स्ट्राँग. १९२७ च्या जुलै महिन्यांत त्यानें लाँग आयलंड येथें तीन पाहुण्यांशीं खलबत केलें : बँक ऑफ इंग्लंडचा माँटेग्यू नॉर्मन, जर्मनीच्या राइशबँकेचा ह्याल्मार शाख्त आणि बँक ऑफ फ्रान्सतर्फे आलेला शार्ल रिस्त. इंग्लंडनें १९२५ सालीं पौंडाला युद्धापूर्वींच्याच मोलानें सोन्याशीं पुन्हां बांधलें होतें आणि तें ओझें त्या देशाला पेलत नव्हतें. लंडनचें सोनें बाहेर जात होतें. अमेरिकेनें आपला दर उतरविला तर हा ओघ थांबेल, अशी नॉर्मनची विनंती होती. खुद्द अमेरिकेंतहि त्या वर्षीं उद्योगधंदे मंदावले होते व शेतमालाला भाव नव्हता. त्यामुळें शेंकडा ४ चा दर साडेतीनवर आणण्यांत आला आणि रोख्यांची खरेदी झाली. शिकागोची बँक राजी नव्हती. तिला बोर्डानें हुकूम करून दर उतरविण्यास लावलें. या उपायानें शेअरबाजाराला व्हिस्कीचा एक लहानसा घोट मिळेल, असें स्ट्राँग रिस्तला विनोदानें म्हणाल्याची आख्यायिका आहे. आख्यायिका खरी असो वा नसो, शुद्ध हेतूनें केलेल्या या उपायाचे परिणाम हेतूच्या मर्यादेंत राहिले नाहींत.

डाऊ-जोन्स यांचा शेअरभावांचा निर्देशांक १९२७ च्या अखेरीस २०० च्या आसपास होता. ३ सप्टेंबर १९२९ रोजीं तो ३८१ वर पोहोंचला. ही चढण ज्या शिडीवरून झाली ती शिडी म्हणजे दलालांचीं कर्जें. समजा, एखाद्या गृहस्थाजवळ २५ डॉलर आहेत. तो दलालाकडे जाऊन १०० डॉलरांचे शेअर घेई. उरलेले ७५ डॉलर दलाल कर्जाऊ आणी, आणि शेअर तारण राहत. भाव १२५ झाला कीं गृहस्थाची पुंजी दुप्पट. भाव ७५ वर उतरला कीं सर्व पुंजी खलास. हें कर्ज मागतांक्षणीं परत करण्याच्या बोलीचें असे. न्यूयॉर्कच्या शेअरबाजारांतील अशीं कर्जें १९२८ च्या आरंभीं सुमारें ४४० कोटि डॉलर होतीं. १९२९ च्या ऑक्टोबरांत तीं ८५० कोटींवर गेलीं.

रिझर्व्ह बँका झोंपेंत होत्या असें मात्र नव्हे. १९२८ च्या जुलैपर्यंत दर तीन पायऱ्यांनीं साडेतीनवरून ५ वर नेण्यांत आला आणि रोखेहि विकण्यांत आले. परंतु बाजार हटेना. दलाल पैशासाठीं शेंकडा आठ, दहा, प्रसंगीं त्याहूनहि अधिक व्याज देण्यास तयार होते, कारण शेअरचे भाव महिन्याभरांत तेवढे चढत. ज्याला वर्षाला तीस-चाळीस टक्के मिळण्याची आशा लागली आहे, तो एका टक्क्याच्या वाढीला काय भिणार? उलट व्याज चढल्यामुळें नवेच सावकार बाजारांत उतरले. मोठमोठ्या उद्योग-कंपन्या व परदेशी भांडवलदार आपला शिलकी पैसा दलालांना देऊं लागले, आणि अखेरीस अर्ध्याहून अधिक कर्ज बँकांखेरीज इतरांचें होतें. त्यांच्यावर रिझर्व्हची सत्ता नव्हती. याच सुमारास, १६ ऑक्टोबर १९२८ रोजीं, स्ट्राँग मरण पावला आणि ज्याच्या शब्दाला सर्वत्र मान होता असा माणूस उरला नाहीं.

त्याच्या जागीं आलेला जॉर्ज हॅरिसन आणि वॉशिंग्टनचें बोर्ड यांच्यांत जो वाद जुंपला, त्यांत दोन्हीं बाजूंचें म्हणणें वजनदार होतें. हॅरिसनचें म्हणणें असें कीं, पैशाला रंग नसतो. बँकेनें व्यापाऱ्याला दिलेला डॉलर चार हात फिरून सट्टेवाल्याकडे जाणारच. त्याच्यामागें पोलीस लावतां येत नाहीं. म्हणून दर एकदां ठळकपणें चढवावा, तेजी मोडावी, आणि मग दर लगेच उतरवून उद्योगाला मोकळें करावें. यावर बोर्डांतील अॅडॉल्फ मिलर प्रभृतींचें उत्तर असें कीं, दर ही बोथट काठी आहे. सट्टेवाल्याच्या पाठींत मारलेली ती आधीं शेतकऱ्याला, कारखानदाराला व घर बांधणाराला लागते. त्यांचा काय अपराध? म्हणून दर आहे तोच ठेवावा, परंतु जी बँक सट्ट्यासाठीं कर्ज देत असेल तिला रिझर्व्हकडून पैसा मिळूं नये. २ फेब्रुवारी १९२९ रोजीं बोर्डानें अशा अर्थाचें पत्र सर्व रिझर्व्ह बँकांना धाडलें. 'प्रत्यक्ष दडपण' या नांवानें हें धोरण प्रसिद्ध आहे.

या दडपणाची परीक्षा मार्चच्या अखेरीस झाली. पैसा आखडला, २६ मार्च रोजीं दलालांच्या कर्जावरील व्याज शेंकडा २० पर्यंत चढलें व शेअर घसरले. तेव्हां नॅशनल सिटी बँकेचा प्रमुख चार्ल्स मिचेल यानें आपली बँक अडीच कोटि डॉलर बाजारांत कर्जाऊ देईल असें जाहीर केलें. बाजार सांवरला. हा मिचेल स्वतः न्यूयॉर्क रिझर्व्ह बँकेच्या संचालकांपैकीं एक होता! सिनेटर कार्टर ग्लास यांनीं त्याचा राजीनामा मागितला; परंतु तो गेला नाहीं, आणि बोर्डाच्या दडपणाचें पाणी लोकांनीं जोखलें. शेवटीं ९ ऑगस्टला बोर्डानें ६ टक्क्यांस मान्यता दिली. पण तेव्हां उशीर झाला होता. देशांतील कारखानदारी त्याच महिन्यांत शिखरावरून उतरूं लागली होती, हें मागाहून कळलें. जी काठी तेजीच्या आरंभीं उगारावयाची ती आजारी उद्योगावर पडली. सप्टेंबरच्या अखेरीस लंडनचा दरहि साडेसहावर गेला व तिकडील पैसा परत फिरला.

२४ ऑक्टोबरला गुरुवारीं बाजार कोसळला. त्या दिवशीं सुमारें १ कोटि २९ लाख शेअर विकले गेले. मंगळवारीं, २९ तारखेस, तो आंकडा १ कोटि ६४ लाखांवर गेला. बाहेरगांवच्या बँकांनीं व कंपन्यांनीं दलालांकडील पैसा काढून घेण्याची घाई केली. या घटकेला हॅरिसननें बोर्डाच्या संमतीची वाट न पाहतां १६ कोटि डॉलरांचे सरकारी रोखे खरेदी करून बाजारांत पैसा ओतला, आणि इतरांनीं काढून घेतलेलीं १०० कोटींहून अधिक कर्जें न्यूयॉर्कच्या बँकांनीं आपल्या अंगावर घेतलीं. दर नोव्हेंबरांत दोनदां उतरविण्यांत आला. शेअरांत हजारों घरें धुऊन निघालीं. परंतु त्या भयंकर आठवड्यांत न्यूयॉर्कची एकहि मोठी बँक बुडाली नाहीं. बोर्डानें हॅरिसनला शाबासकी दिली नाहीं. मर्यादा ओलांडल्याबद्दल त्याची कानउघाडणी केली.

येथें एका गोष्टीकडे विशेष लक्ष दिलें पाहिजे. १३ नोव्हेंबर १९२९ रोजीं निर्देशांक १९९ वर आला होता. म्हणजे दोन वर्षांची तेजी तेथेंच संपली. फुग्यांतील सर्व वारा निघून गेला. पुढच्या एप्रिलपर्यंत भाव पुन्हां २९० च्या वर चढलेहि होते. कथा येथें थांबली असती तर १९२९ हें साल जुन्या दलालांच्या आठवणींपुरतें राहिलें असतें. परंतु ८ जुलै १९३२ रोजीं निर्देशांक ४१ वर आला. ही दुसरी घसरण केवळ फुग्याची नव्हे, ती आजूबाजूचें घर कोसळल्याची होती.

११ डिसेंबर १९३० रोजीं न्यूयॉर्कची 'बँक ऑफ युनायटेड स्टेट्स' बंद पडली. नांव भारदस्त असलें तरी ती खासगी बँक होती. तिचे चार लाखांहून अधिक ठेवीदार बहुतेक लहान दुकानदार व कामकरी होते. तिला सांवरण्याची बोलणीं झालीं व फिसकटलीं. १९०७ सालीं एका धनिकानें जें काम केलें, तें करण्यासाठींच निर्माण झालेली संस्था आतां बाजूला उभी होती. सट्टा करणारांनीं पापाचें फळ भोगावें, कमकुवत बँका बुडाल्या तर देश निरोगी होईल, हा विचार अनेक मोठ्या माणसांच्या मनांत घट्ट बसला होता. परंतु बुडणाऱ्या बँकेंत ज्यांची ठेव होती त्यांतील बहुसंख्य लोकांनीं आयुष्यांत एकहि शेअर घेतला नव्हता. १९३० पासून १९३३ पर्यंत अमेरिकेंत सुमारें ९,००० बँका बंद पडल्या, आणि देशांतील एकंदर पैसा सुमारें एक-तृतीयांशानें आटला.

त्यांतच २१ सप्टेंबर १९३१ रोजीं इंग्लंडनें सोन्याचा संबंध तोडला. अमेरिकेंतून सोनें जाऊं लागलें, तेव्हां न्यूयॉर्क बँकेनें ऑक्टोबरच्या एकाच आठवड्यांत दर दीडवरून साडेतीनवर नेला. तेजीच्या भरांत जो दर एका टक्क्यानें चढविण्यास सहा महिने लागले, तो मंदीच्या खोल गर्तेंत दोन टक्क्यांनीं तांतडीनें चढला!

याच घटनेचा धक्का हिंदुस्थानच्या किनाऱ्यालाहि लागला. रुपया पौंडाशीं बांधलेला असल्यामुळें पौंडाबरोबर तोहि सोन्याच्या मानानें उतरला व सोन्याचा भाव चढला. इकडे धान्य व कापूस यांचे भाव जगभरच्या मंदीनें पडलेले. सारा व सावकाराचें व्याज मात्र पूर्वींइतकेंच. त्यामुळें शेतकऱ्यांच्या घरांतील पाटल्या, गोठ व पुतळ्या सराफाच्या तागडींत पडूं लागल्या आणि मुंबईच्या बंदरांतून तें सोनें लंडनकडे वाहूं लागलें. न्यूयॉर्कचा शेअरबाजार ज्यांना नांवानेंहि ठाऊक नव्हता अशीं कुटुंबें जगाच्या या पतसंकटांत होरपळून निघालीं.

१९३३ च्या मार्चमध्यें अध्यक्ष रूझवेल्ट यांनीं अधिकारावर येतांच देशांतील सर्व बँका कांहीं दिवस बंद ठेविल्या. त्या वेळीं कामकऱ्यांपैकीं सुमारें चौथा हिस्सा बेकार होता. त्यानंतर झालेल्या कायद्यांत हॅरिसन-मिलर वादाचेंच उत्तर शोधलेलें दिसतें. ठेवींना विम्याचें संरक्षण मिळालें. १९३५ च्या कायद्यानें अधिकाराचा मोघमपणा काढून निर्णय मुख्यतः वॉशिंग्टनमध्यें आणला. आणि १९३४ सालीं शेअरवर किती कर्ज घेतां येईल हें ठरविण्याची सत्ता बोर्डाला मिळाली. ही तिसरी काठी मिलर यांच्या हातीं असती तर इतिहास कदाचित् निराळा झाला असता. कारण ती शेतकऱ्याला न लागतां सट्टेवाल्यालाच लागते. १९४६ सालीं तर बोर्डानें असें कर्ज पूर्णपणें बंद करून शेअर रोखीनेंच घ्यावे असा नियम वर्षभर चालविला.

इतिहासकारांचा वाद मात्र मिटला नाहीं. मिलर यांनीं १९३१ सालीं सिनेटच्या समितीपुढें साक्ष देतांना १९२७ चा स्वस्त पैसा हीच मोठी चूक ठरविली. उलट मिल्टन फ्रीडमन व अॅना श्वार्ट्झ यांनीं १९६३ सालच्या ग्रंथांत, खरा अपराध तेजी पोसल्याचा नसून मंदींत पैसा आटूं दिल्याचा, असें प्रतिपादन केलें. २००२ सालीं फ्रीडमन यांच्या नव्वदाव्या वाढदिवसाच्या समारंभांत फेडरल रिझर्व्हचे एक सभासद बेन बर्नान्के यांनीं तो अपराध संस्थेच्या वतीनें कबूल केला. २००८ सालीं घरांवरील कर्जांची तेजी कोसळली तेव्हां तेच गृहस्थ अध्यक्ष होते, आणि त्यांनीं पैसा आटूं दिला नाहीं. परंतु आधीं ती तेजी वाढूं कां दिली, हा मिलर यांचा प्रश्न तेव्हां पुन्हां उभा राहिलाच.

टांचणी लावणाराचा अनुभव पाहावयाचा तर जपानकडे पाहावें. १९८७ च्या फेब्रुवारींत तेथील बँकेचा दर अडीच टक्के होता आणि जमिनीचे व शेअरचे भाव बेफाम चढत होते. १९८९ च्या मे महिन्यापासून दर चढूं लागला. डिसेंबरांत यासुशी मिएनो गव्हर्नर झाल्यावर तो चढतच जाऊन १९९० च्या ऑगस्टमध्यें ६ वर गेला. १९८९ च्या अखेरच्या व्यवहाराच्या दिवशीं निक्केई निर्देशांक ३८,९१५ होता. पुढील ऑक्टोबरांत तो जवळजवळ निम्म्यावर आला. लोकांनीं प्रथम मिएनो यांची वाहवा केली. पण बुडीत कर्जांची वासलात लावण्यास पुढें अनेक वर्षें गेलीं, आणि निक्केईला तें जुनें शिखर गांठण्यास २०२४ साल उजाडलें. फुगा फोडण्याचें धैर्य आणि फुटल्यानंतरची शुश्रूषा हीं दोन निरनिराळीं कामें आहेत, हेंच येथें पुन्हां दिसून आलें.

हिंदुस्थानची रिझर्व्ह बँक १९३५ सालीं, म्हणजे या सर्व अनर्थाच्या पाठोपाठ, जन्मास आली. तिनें २००४ ते २००६ या काळांत घरांच्या व व्यापारी इमारतींच्या किंमती भराभर चढतांना पाहून, केवळ व्याजाच्या दरावर विसंबून न राहतां, अशा कर्जांपोटीं बँकांनीं अधिक भांडवल राखून ठेवावें असा नियम केला. १९२९ च्या फेब्रुवारींतील तो जुना हेतूच येथें अधिक नेमक्या साधनानें अंमलांत आला.

भाव खरा आहे कीं फुगलेला, हें तेजी चालू असतांना छातीठोकपणें सांगणारा अद्याप जन्मावयाचा आहे. त्यामुळें न्यूयॉर्कच्या ठरावाला होकार द्यावयाचा कीं नकार, याबद्दल शहाण्यांत मतभेद राहणारच. परंतु १९३० च्या डिसेंबरांत बंद पडलेल्या बँकेच्या दाराशीं पासबुक हातांत घेऊन जे लोक थंडींत उभे राहिले होते, त्यांच्याबाबत असा मतभेद असण्याचें कारण नाहीं. त्यांनीं फुगा फुगविला नव्हता. आणि त्यांच्यासारख्यांची ठेव सुरक्षित राहावी म्हणूनच त्या देशानें मध्यवर्ती बँक स्थापन केली होती.